प्रश्न माझे, उत्तरंही माझीच

मुलाखतीत चूक कधी होते? प्रश्न एकाचे आणि उत्तरं दुसऱ्याची असली तर! म्हणून त्या मुलाखतीचे प्रश्नही मी लिहिले आणि उत्तरंही मीच. रोजच्या बातमीपत्रांत हाडं झिजवलेला माणूस मी. संपादकांना छातीठोकपणे सांगितलं, "तुम्ही डोळे मिटून बसा!"

संपादकांनी डोळे मिटले नाहीत. आमच्या वाहिनीचे मालक म्हणजे खुद्द मंत्रिमहोदय. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे अख्ख्या ऑफिसच्या ताईसाहेब, त्या सकाळी पहिल्यांदाच कार्यक्रम करणार होती. पाहुणे तिचे वडीलच. थेट प्रक्षेपण. आणि पक्षाचे अध्यक्ष घरी टीव्हीसमोर बसून नगरपालिकेच्या तिकिटाचा निकाल लावणार होते. त्यांचा निरोप स्पष्ट होता: "पोरीला बापासमोर कणा आहे असं दिसलं तर तिकीट तिला. नाहीतर तिच्या चुलतभावाला."

ताईसाहेबांनी तर उमेदवारीच्या फोटोसाठी साड्याही काढून ठेवल्या होत्या.

मी प्रश्न धारदार लिहिले, उत्तरं गुळगुळीत. दोन खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली मजकूर सरकवणारा पडदा. लेकीसमोर प्रश्न, वडिलांसमोर उत्तरं. साहेबांनी उत्तरं आधी वाचली नव्हती. ते कधीच वाचत नाहीत. लेकीला त्यांनी राजकारणाचा एकच धडा दिला होता: "समोर येईल ते वाचायचं. थांबायचं नाही. थांबलं की लोकांना संशय येतो." याच धड्यावर ते आजवरच्या सगळ्या निवडणुका जिंकले होते.

सगळं जागच्या जागी होतं. मग मेकअपवाल्या बाई म्हणाल्या, "साहेब, या बाजूने हनुवट्या दोन दिसतात."

साहेब उठले. "ऊठ गं, माझ्या खुर्चीवर बस."

"पण पप्पा, माझी खुर्ची..."

"सगळ्या पोस्टरवर माझा उजवा गाल आहे. लोक ओळखणार कसे मला? ऊठ!"

ती उठली. मी काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये चहा ढवळत होतो. लेकीला चांगली जागा देणारा बाप बघून मला भरून आलं. पडदे मात्र जिथल्या तिथेच होते, हे लक्षात आलं तेव्हा लाल दिवा लागला होता!

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि सभेच्या आवाजात गर्जना केली, "नमस्कार! मी या शहराची लेक! आज थोडी घाबरलेय, पण मागे हटणार नाही!"

माझा चहा पँटवर सांडला.

शेजारी बाईसाहेब बसल्या होत्या, साहेबांच्या पत्नी. "यांना काय झालंय?" त्यांनी विचारलं.

मी माइकमध्ये ओरडलो, "ताईसाहेब, खुर्च्या! खुर्च्या बदला!" पण कानातलं यंत्र झुमक्यात अडकतं म्हणून तिने ते पर्समध्ये ठेवलं होतं. तिची पर्स ऐकत होती. ती नाही.

"मंत्रिमहोदय," साहेब लेकीकडे बघून कडाडले, "नदीवरचा पूल तुम्ही गेल्या निवडणुकीआधी देणार होतात. कुठे आहे पूल?"

ताईसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण धडा म्हणजे धडा! त्या वाचू लागल्या, "त्या पुलासाठी मी रात्रंदिवस झटलो. माझे केस पिकले, गुडघे गेले!"

सत्तावीस वर्षांची मुलगी ती. कालपर्यंत बॅडमिंटन खेळत होती.

"ब्रेक घ्या!" मी ओरडलो. तेवढ्यात साहेबांचे स्वीय सहायक फोन नाचवत आत घुसले. "ब्रेक नाही! अध्यक्ष बघतायत! म्हणाले, काहीतरी नवीन प्रकार दिसतोय, मध्ये कापलंत तर खबरदार!"

"मंत्रिमहोदय," साहेब वाचत होते, "तुमच्या मुलीला तिकीट मिळावं म्हणून तुम्ही दबाव आणताय, हे खरं का?"

"साफ खोटं!" ताईसाहेब म्हणाल्या. "माझ्या मुलीसाठी मी एकही फोन केलेला नाही!"

बाईसाहेब ताडकन उठल्या. "हिला मुलगी कधी झाली?"

"नाही झाली, बाईसाहेब. ती साहेबांची मुलगी."

"मग ही कोण?"

समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर दुसऱ्या वाहिनीची बातमीची पट्टी सरकू लागली: 'मंत्र्यांच्या अविवाहित कन्येला मुलगी?' प्रश्नचिन्ह ठेवल्याबद्दल मी त्या सहकाऱ्यांचा आभारी आहे.

इकडे साहेबांना सूर सापडला होता. मांडीवर थाप मारून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "मग पुलाचं कंत्राट तुमच्या मेहुण्याला कसं मिळालं?"

"चौकशी सुरू आहे. योग्य वेळी योग्य ती माहिती देण्यात येईल."

साहेब थांबले. आयुष्यात पहिल्यांदा थांबले! भुवया वर गेल्या.

"हे काय उत्तर झालं?" ते म्हणाले. हे पडद्यावर नव्हतं. "सरळ विचारतोय, सरळ सांग! लोकांना काय मूर्ख समजतेस?"

ताईसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे पुढची ओळ 'मंद स्मित' एवढीच होती. त्यांनी ती वाचली नाही.

"मला काय विचारता, पप्पा? मेहुणा तुमचा! मामाला कंत्राट तुम्ही दिलंत, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर!"

बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "माझ्या भावाचं नाव नाही घेतलं, तेवढं बरं."

स्वीय सहायकांनी फोन स्पीकरवर टाकला. अध्यक्ष बोलत होते. "पोरगी मंत्र्याच्या तोंडावर खरं बोलली! तिकीट तिचं. आणि त्याला सांगा, यापुढे निवडणूक नको. टीव्हीवर बरा दिसतो."

साहेब संतापतील म्हणून मी टेबलाखालची जागा हेरून ठेवली होती. पण ते आले ते खुशीत. "प्रश्न विचारणं इतकं सोपं असतं? आणि मी जन्मभर उत्तरं देत बसलो! आजपासून हा कार्यक्रम माझा."

मी रीतसर राजीनामा लिहून नेला. साहेबांनी तो माझ्यासमोर मोठ्याने वाचला, 'आपला नम्र' धरून. वाचून झाल्यावर म्हणाले, "छान लिहितोस. आता माझे प्रश्न लिहायला बस."

आता दोन्ही खुर्च्या जमिनीला स्क्रूने पक्क्या केल्यात. पहिल्या पाहुण्या अर्थात निवडून आलेल्या नव्या नगरसेविका, ताईसाहेब. त्यांच्यासाठी नवी उत्तरं लिहायला मला सवड झाली नाही. जुनीच ठेवलीत, फक्त 'मुलगी' खोडून 'वडील' केलंय: "माझ्या वडिलांसाठी मी एकही फोन केलेला नाही!"