महालेभाऊ आणि रंगवलेली हिरवळ

महालेभाऊ कुणाकडे गेले की नमस्काराआधी त्याच्या अंगणातलं गवत मोजत. सूर्यमाळच्या आमच्या शेती कार्यालयात ते पर्यवेक्षक, मी कारकून. विद्यापीठातून आलेलं एक यंत्र कायम त्यांच्या गळ्यात. गवतावर उजेड टाकायचा, परत किती येतो ते बघायचं आणि गवताची तब्येत सांगायची. एकदा ते माझ्या डब्यातल्या मेथीवरही धरलं. "शिजवून मारलीय," म्हणाले. वाद घातला की ठरलेलं उत्तर, "डोळे लाच खातात, यंत्र खात नाही."

तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. एका मे महिन्यात पाड्यांना टँकर चालू ठेवायचा का, हे बघायला तिथून मोठे अधिकारी येणार होते. आमच्या साहेबांना कार्यालयाची शोभा महत्त्वाची. भाऊ रजेवर असताना त्यांनी वाळलेल्या हिरवळीवर हिरवा रंग फवारून घेतला. झालं, अधिकारी गाडीतून उतरले आणि म्हणाले, "इथे तर पाणी दिसतंय. मग टँकर कशाला?"

साहेब चहाचं विचारू लागले. रंगाचं माहीत असून मीही मान खाली घातली, त्याची लाज अजून वाटते. अधिकाऱ्यांनी नुकत्याच पोचलेल्या भाऊंना यंत्र लावायला सांगितलं. आकडा आला श्रावणातल्यापेक्षा चांगला.

"बघा, तुमचं यंत्रही तेच म्हणतंय."

भाऊ खाली बसले. मूठभर गवत ओढलं, ते कडकड मोडलं. आतून पिवळं, वर हिरवं.

"साहेब, रंग मारलाय. हा रंगही जित्या पानासारखाच उजेड खातो. माझं यंत्र फसलंय. तसं लिहून सही देतो, पन टँकर बंद करू नका."

ज्या यंत्रापायी त्यांनी आम्हाला तीन वर्षं छळलं, त्याला ते चारचौघांत खोटं ठरवत होते. आवाज मात्र जराही हलला नाही.

टँकर चालू राहिला. दुसऱ्या दिवशी एका पाड्याच्या विहिरीत टँकरचं पाणी सोडताना भाऊ तिथे उभे होते, मीही होतो. एका म्हातारीने पहिलाच हंडा भरला, तांब्या बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घे बाबा, पयलं तू पी. उन्हातून आलास."

भाऊंनी तांब्या घेतला, पण बराच वेळ तोंडाला लावला नाही. बायको जाऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. उन्हातून आल्यावर त्यांना पाणी विचारणारं घरी कुणी नव्हतं.