मोडायची कमान

नागोराव कमानगर माणसाला तोंडावरून ओळखत नसत, हातावरून ओळखत. दुकानाची पायरी चढणाऱ्याला ते बसा म्हणायच्या आधी एक सुतळी पुढं करत. "डावी मूठ म्होरं. उजवी कानापाशी. हं, ओढा." सुतळी ताणली की तिला गाठ मारत आणि मान हलवत. मग ते गिऱ्हाईक असो, टपालवाला असो, नाहीतर शेजारून विस्तव मागायला आलेला माणूस असो. बायको वारली तेव्हा समाचाराला आलेल्या दोघा-तिघांनाही त्यांनी ओढायला लावलं होतं. त्यातला एक नंतर मला म्हणाला, "मास्तर, रडावं का ओढावं, काही सुचंना."

नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत. "काल ते अडीच हात, खांदा उतरलेले आलते," असं म्हणाले की समजायचं, आमच्या मदरशाचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, येऊन गेले.

मी तेव्हा नांदेडच्या सरकारी मदरशात हिसाब शिकवत होतो आणि त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. निजामाच्या राज्याची ती शेवटची काही वर्षं. राज्य जाणार हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं; कमानींचा धंदा जाणार हे मात्र सगळ्यांना दिसत होतं, एक नागोराव सोडून. त्यांच्याविषयी मी आजवर चार माणसांत हसून पुष्कळ सांगितलं आहे. जे सांगितलं नाही ते आता लिहितो. ज्यांची अब्रू जपायची होती, ती दोन्ही माणसं आता नाहीत.

कमानीच्या दुकानात गिऱ्हाईक काय मागतं, असं कुणालाही वाटेल. कमान मागतं, दुसरं काय? पण नागोरावांचं म्हणणं वेगळं. ते प्रत्येकाला विचारत, "मारायचं काय हाय, ते सांगा आधी." पेरूच्या बागेतल्या राघूंना पिटाळायला शेतकरी गलोल मागत. त्यांना गलोल लगेच मिळे, वर मातीच्या गोळ्या कशा भाजाव्यात याचं व्याख्यान मिळे. पिंजारी आपल्या धनुकलीसाठी तात, म्हणजे ओढायची दोरी, घेऊन जात. दसरा जवळ आला की गुरुद्वाऱ्याकडचे शस्त्रधारी निहंग शीख बाण पारखायला येत. त्यांच्यापुढं नागोराव आवाज चढवत नसत. एक म्हातारी येऊन पाळण्याला बांधायला मोडक्या बाणाचं टोक मागे, नजर लागू नये म्हणून. एका जहागीरदाराचा पोरगा फोटो काढायला कमान हवी म्हणाला, तर त्याला बिनतातेची कमान दिली. "फोटूत तात दिसत न्हाई. अन् तुमच्या हातात ती नसल्यालीच बरी."

भावाशी भांडून तावातावानं आलेला एक जण आठवतो. मारायचं काय, या प्रश्नावर तो गप्प बसला.

"भाऊ हाय का?" नागोरावांनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"भावासाठी न्हाई मिळत. गलोलबी न्हाई. बसा, च्या घ्या."

तो चहा प्याला, रडला आणि मुलासाठी खेळण्यातलं धनुष्य घेऊन गेला. अर्थात दरवेळी असं साधत नसे. मनगट लटलटतंय म्हणून एकदा त्यांनी एका माणसाला हाकलून दिलं. तो कोतवालीतला नवा जमादार निघाला, आणि पुढं महिनाभर दुकानापुढची पायरी रस्त्यात येते म्हणून रोज तक्रार होत राहिली. चुकून कुणी रिकामी तात ओढून सोडलीच, तर हातातला चहा टाकून ओरडत, "रिकामी सोडू नका! मरंल ती!" हे मात्र खरं होतं, बाण न लावता सोडली की कमान आतून तडकते. पण ते माझ्या खोलीचं दार धाडकन लागलं तरी तसंच ओरडत.

या खऱ्या बोलण्याच्या खोडीनंच त्यांचं घर मोडलं. गोदू ही त्यांची एकुलती लेक. बिलोलीच्या कापडवाल्याच्या मुलाशी, दिगंबरशी, तिचं लग्न ठरलं. मुलगा देखणा, गोरा, हातापायांनी काडी. मांडवात नवरदेव आला, पाय धुवून झाले, आणि नागोरावांनी कनवटीची सुतळी काढली. "मूठ म्होरं करा जावईबापू." वऱ्हाड हसलं. जावयानंही हसत हसत ओढली. नागोरावांनी गाठ मारली, मान हलवली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हात लांब हाय. पण जोर न्हाई. याला पोरांची कमान लागंल."

लग्न लागलं. पण व्याह्यांनी सून नेली ती नेलीच. पंचमीला पाठवली नाही, दिवाळीला नाही, आईच्या दहाव्यालाही नाही. नागोराव आणायला गेले की ओसरीवरूनच पाणी देऊन परत लावत. बिलोलीत तर ते वाक्य म्हण होऊन बसलं. दिगंबर कापडाचा तागा उचलायला लागला, की कुणीतरी म्हणायचंच, "जपून रे, पोरांचा आण."

अशात बिलोलीची नाटकमंडळी माझ्याकडं आली. रामनवमीला सीतास्वयंवर बसवायचं होतं. पदं मी लिहून दिली होती, प्रॉम्प्टरही मीच. अडचण होती धनुष्याची. आदल्या साली त्यांनी वेताला सोनेरी कागद लावला होता. रामानं तो मोडला तर कागद तेवढा फाटला, आणि बायकासुद्धा हसल्या. या वेळी त्यांना कडाड्‌दिशी मोडणारी कमान पाहिजे होती.

मी त्यांना घेऊन पुढच्या दुकानात गेलो.

"मोडायची?" नागोराव म्हणाले. "आमच्या घरात तीन पिढ्यांत कमान मोडली न्हाई. अन् तुम्ही मोडायची मागून राहिलाव? लाकूडतोड्याकडं जा."

"काका," मी म्हणालो, "राम दिगंबर करणार आहे."

ते बराच वेळ सुतळीच्या गाठी चाचपत बसले. मग म्हणाले, "कवा पाहिजे?"

त्या कमानीवर त्यांनी जेवढी मेहनत घेतली तेवढी चांगल्या कमानीवर घेताना मी पाहिलं नाही. मुठीपाशी आतून तिरकं कापलं, मेण आणि लाखेनं सांधलं, आवाज व्हावा म्हणून पोटात एक वाळलेली कामटी बसवली, वरून लाल कापड आणि जर. तसल्या दोन केल्या आणि एक माझ्या हातात देऊन ओढायला लावली. कडाड! दोन तुकडे.

"तुमच्या हातानं मोडली," ते समाधानानं म्हणाले, "म्हंजी कुणाच्याबी हातानं मोडंल."

मला कळत होतं, हे खेळणं नाही. साऱ्या बिलोलीदेखत जावयाच्या हातून शिवधनुष्य मोडलं, की मांडवातलं ते वाक्य पुसलं जाणार होतं. मग कदाचित पंचमीला गोदू येणार होती. निघताना त्यांनी विचारलं, "पंचमीला किती दिस राहिले हो मास्तर?" रामनवमीला पंचमीची चौकशी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना आमंत्रण नव्हतं. कमान घेऊन मी एकटाच मोटारीनं निघालो. रस्ता म्हणजे निव्वळ खड्डे. मांडीवर ठेवलेली कमान दर गचक्याला मुठीपाशी कुरकुरायची. ही वाटेतच मोडली तर काय तोंड दाखवू, या भीतीनं मी नायगावला मोटार थांबली तेव्हा स्टँडवरच्या चांभाराकडून मेण लावलेला दोरा घेतला, लाल कापड वर सारलं, सांध्यावर करकचून वेढे दिले आणि कापड पुन्हा खाली ओढलं. बिलोलीला पोचलो की सोडायचा, असं ठरवून.

बिलोलीला जेवणं झाली, रंग लागले, जनकाची दाढी हरवली, ती सापडली. ऊन उतरल्यावर मारुतीच्या देवळापुढं खेळ सुरू झाला. दोरा मला आठवला तेव्हा राम धनुष्यापाशी जाऊन उभा राहिला होता.

विसरलो, एवढंच मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. पडदा पाडा, एवढं म्हणायला मला वेळ होता; पडद्याची दोरी माझ्या शेजारीच होती. पण मास्तरानं खेळ बुडवला म्हणतील, या लाजेनं मी पुस्तकात तोंड घालून बसलो.

दिगंबरनं कमान उचलली. टाळ्या पडल्या. त्यानं ओढली, ती छान गोल झाली, आणि तशीच राहिली. त्यानं पुन्हा ओढली. पेटीवाला तेच पद पुन्हा वाजवू लागला. सीता दांडग्या आवाजात कुजबुजली, "मोडा की हो, हार वाळून राहिला." दिगंबरनं कमानीवर पाय दिला, गुडघा दिला. आधीच हरून कोपऱ्यात बसलेला रावण शेवटी न राहवून उठला आणि म्हणाला, "धरू का एका बाजूनं?" देवळापुढं हशाचा लोंढा आला. जनकानं हात वर केला, "हे वीरा, तू उचललंस, एवढं पुरे," म्हणत लग्न उरकून टाकलं. पण हार गळ्यात पडायच्या आतच गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "याला पोरांची कमान लागंल!"

त्याच ओसरीवर त्या संध्याकाळी व्याही मला म्हणाले, "सासऱ्यानं दावा साधला. सांगा त्याला." आत कुणीतरी भांडी आदळत होतं. मी कमान काखोटीला मारून नांदेडला आलो.

नागोरावांनी माझ्याकडं पाठ करून लाल कापड सोडलं. सांध्यावरच्या वेढ्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग उठले, माळ्यावरून वडिलांच्या हातची एक जुनी कमान काढली. पाठीला जनावराच्या शिरा सरसानं चिकटवलेली, मनगटाएवढी जाड. तिला तेच लाल कापड आणि तीच जर गुंडाळली. "बाजाराच्या दिवशी बिलोलीला जायाचं. तुम्हीबी चला."

बाजार भरला होता. चावडीपुढं उभं राहून त्यांनी तालमीतल्या पैलवानांना हाक मारली. "रामानं ओढली ती हीच कमान. मोडा." पहिला आला, घामाघूम झाला. दुसरा मांडीवर घेऊन बसला. मग दोघांनी दोन टोकं धरली. कमान वाकलीसुद्धा नाही. लोक जमले, व्याही आले, त्यांच्यामागं खाली मान घालून दिगंबर.

नागोराव मोठ्यानं म्हणाले, "ही मी मुद्दाम अशी केली. मोडू नये म्हणून. जावयानं ही गोल वाकवली, ते समद्या गावानं पाहिलं. असा हात माझ्या दुकानात आजवर आला न्हाई. मांडवात मी खोटं बोललो."

दोन पैलवान दिगंबरकडं निराळ्याच नजरेनं बघू लागले. एकानं तर त्याचा दंडच दाबून पाहिला.

"म्हंजे मुद्दाम केलंस?" व्याह्यांनी विचारलं.

"हाव."

"मग ऐक. तुझ्या दारात आमची सून पाय ठेवणार न्हाई. कधीच."

"बरं," नागोराव म्हणाले, आणि कमान खांद्याला लावून मोटारीकडं चालू लागले.

परतताना नायगावच्या स्टँडवर तो चांभार पुन्हा दिसला. शेवटी म्हणालो, "काका, दोरा मी बांधला होता."

"ठाव हाय. कमानगर तसली गाठ मारत न्हाई."

"मग माझं नाव का नाही सांगितलं? मी येऊन सांगतो. आत्ता उतरतो."

"काय सांगताव? की चांभाराच्या दोऱ्यापुढं त्याचं काही चाललं न्हाई?" ते बाहेर बघत म्हणाले. "त्या घरात तिला ऱ्हायाचंय, मास्तर. गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. इतकी वर्षं राहिलो.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "गोदू होती का हो गर्दीत? मी वर बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं."

मीही बघितलं नव्हतं. मी सारा वेळ माझ्या चपलांकडं बघत होतो.

"होती," मी म्हणालो.

"कशी हाय?"

"बरी आहे. हिरवं लुगडं होतं. दिगंबरकडं बघत होती."

"मग झालं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

त्या पंचमीला त्यांनी मला दुकानात बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "सांगा बरं, कशी दिसली म्हणालाव?" मी पुन्हा सांगितलं. पुढच्या पंचमीलाही सांगितलं. दरवेळी माझ्याकडून काहीतरी जोडलं जायचं: लुगड्याचे तांबडे काठ, मग हातातल्या पाटल्या, मग कडेवरचं बाळ. ते मान हलवत ऐकत. अधूनमधून विचारत, बाळ कुणावर गेलंय. नाकानं तुमच्यावर, मी सांगे.

तोंडावर खरं बोलून ज्यानं स्वतःच्या लेकीचं माहेर तोडलं, त्या माणसानं मला एकदाही विचारलं नाही, की मास्तर, गेल्या पंचमीला तिच्या कडेवर कुणी नव्हतं, ते आता आलं कुठून.