गुणाक्काची दुसरी मूठ

कोकणातल्या आमच्या आचरा गावच्या वाडीतली गुणाक्का माणसाचं तोंड बघत नसे. आधी टाच बघे. पाहुणा दारात आला की बसल्या जागेवरून मान वाकडी करून त्याच्या पायांमागे नजर टाकायची, आणि मगच 'बस' म्हणायची. एकदा शेजारच्या मुलीला बघायला मंडळी आली. मुलगा गोरा, नोकरीवाला, सगळे खूश. गुणाक्का म्हणाली, "टाच लोण्यासारखी. ह्येना कधी चिखल बघूक नाय." लग्न झालं, पण नवरदेव मांडवात चपला काढायला तयार होईना, असं अजून सांगतात.

टाचांशी तिचा संबंध होता तो मुठेलामुळे. रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, सरबत सगळे पितात, बिया फेकून देतात. गुणाक्का वाडीभरच्या बिया गोळा करून कातळावर वाळवायची. मग फोडून आतला गर काढायचा, पाण्याबरोबर वाटायचा आणि हंड्यात उकळून निवत ठेवायचा. सकाळी पाण्यावर पांढरा थर आलेला असे, भाकरीएवढा जाड. तो पुन्हा वितळवून गाळायचा, आणि घट्ट होता होता मुठीत दाबून वळायचा. म्हणून ते मुठेल. भेगांवर त्याच्यासारखं औषध नाही. प्रत्येक गोळ्यावर तिच्या चार बोटांचे खळगे असत. हंडा निवत असताना त्या खोलीत कुणी पाय आपटला तर शिव्या. "तेल गरात आसाच," ती म्हणायची. "आपण फकस्त ये म्हणूचा. आरडलास तर येयत कित्याक?"

माझी शाळा पाचवीत सुटली. इंदूरला एका तेलाच्या कारखान्यात चिकटलो. ज्यांनी चिकटवलं त्यांचे उपकार आहेत, पण पहिली काही वर्षं रोज वाटायचं, आज काढतील. भट्टीवर कोळसा ओढता ओढता एक दिवस तोंडातून निघून गेलं, की आमच्या गावची एक म्हातारी यंत्राशिवाय ह्याच्याहून पांढरं तेल काढते. नेमके केमिस्ट साहेब मागे उभे. म्हणाले, घेऊन ये, बघू. खरं निघालं तर तुला प्रयोगशाळेत घेतो. खोटं निघालं तर काय, ते बोलले नाहीत. मला ते न बोललेलंच ऐकू येत राहिलं.

रजेवर गावी गेलो आणि गुणाक्काकडे मुठेलाची एक मूठ मागितली. तिने साफ नकार दिला. ज्याची टाच बघितली नाही त्याला मूठ नाही. मी म्हटलं, साहेबांची टाच कशी दाखवू, ते बूट घालतात. ती विचारात पडली.

"दिवसभर बूट?"

"दिवसभर."

"मगे फुटलेलीच असतली. व्हर."

घेऊन जा म्हणत तिने दोन मुठी केळीच्या पानात बांधल्या. एक साहेबाची, आणि त्याच्या टाचेला लावल्याशिवाय परत फिरायचं नाही. दुसरी जपून ठेव म्हणाली. मुंबईची बोट पकडायची घाई होती, मी पुढे विचारलं नाही.

साहेबांनी गोळा नखाने दाबून बघितला. काचेच्या भांड्यात तुकडा वितळवला, थर्मामीटर घातला, कसले कसले थेंब टाकले. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "पाण्याचा अंश नाही, वास नाही. कुठल्या यंत्रावर काढलंय हे?"

"मूठ, साहेब," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो. मग चाचरत गुणाक्काचा निरोप सांगितला. साहेबांनी दार लावून घेतलं आणि बूट काढला. टाच उन्हाळ्यातल्या भाताच्या मळ्यासारखी फाटलेली.

मी प्रयोगशाळेत आलो. त्या थंडीत माझ्याही टाचा फुटल्या. दुसरी मूठ माझीच समजून मी ती लावून संपवली.

पुढच्या रजेत पहिला गेलो तो तिच्या ओटीवर. साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने मान हलवली, जणू ते तिला ठाऊकच होतं. मग मी मोठ्या ऐटीत माझी टाच दाखवली. तिने डावा पाय हातात घेतला, अंगठा फिरवला.

"दुसरी मूठ खंय?"

"तीच लावली, आक्का."

तिने माझा पाय खाली ठेवला. मग म्हणाली, "बरा केलंस. टाच बरी झाली." आणि विचारलं, की तिथे कारखान्यात डाव्या टाचेवर तिरका घाव असलेला कुणी आहे का.

तिचा मुलगा वासू अकराव्या वर्षी शिडाच्या मचव्यावर बसून गेला, तो गेलाच. मी तेव्हा पाळण्यात होतो. वाडीत कुणी ते नाव काढत नसे. जायच्या आधीच्या साली कोयता लागून त्याची टाच चिरली होती, आणि तिने पहिलं मुठेल काढलं ते त्या जखमेसाठी.

"तोंड बदाललेला असतला," ती म्हणाली. "माका तरी वळखाक येयत काय? घाव खंय जातलो, मेल्या?"

मग कळलं. वाडीतून मुंबईला, बोटीवर, जिथे कुठे जो गेला, त्याला तिने दोन मुठी दिल्या होत्या, दुसरी वासू कुठे भेटला तर त्याच्यासाठी. माझ्यासारख्यांनी त्या लावून टाकल्या. तिने कुणाला बोल लावला नाही. मला निघताना परत दोन दिल्या.

एक संपली. दुसरी डबीत आहे. इंदूरच्या उन्हाळ्यात वितळेल म्हणून डबी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो. चार बोटांचे खळगे अजून शाबूत आहेत. कारखान्यात नवा माणूस लागला की बाकीचे त्याला नाव विचारतात, गाव विचारतात. मी मान वाकडी करतो.