पद्मा मगदूमच्या डोक्याला आलेली स्थळं

केस डोक्यावर शिवून घ्यायचे असतील, तर आधी केस डोकं बघायला येतात, आणि डोकं पसंत पडलं तरच पुढची बोलणी होतात. इचलकरंजीत हे काम मी अकरा वर्षं करते आहे. त्याआधी साड्यांना फॉल लावत होते. साडी कधी काही विचारत नाही, एवढाच काय तो फरक. तरी बायका फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "शैलावहिनी, मला असे लांब, सरळ लावून द्या." अहो, मी कोण देणारी? डोकं तुमचं, मर्जी त्यांची.

पद्मा मगदूम फोटो न घेता आली. ती यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासते. वय सेहेचाळीस, लग्न केलं नाही, घरी ती आणि तिची आई, आक्का. आक्कांची आठवण दोन वर्षांपासून विरत चाललीय. नातेवाईक विसरल्या, गाव विसरल्या, स्वतःचा नवरासुद्धा विसरल्या. राहिली ती एकच गोष्ट. सकाळी सातला उंबऱ्याशी फणी घेऊन बसायचं आणि पद्माची कमरेपर्यंतची वेणी घालायची. मग पद्माला टायफॉइड झाला, केस गेले, मूठभर उरले. त्या दिवसापासून आक्का तिला ओळखेनात.

"मी पद्मा म्हटलं की आक्का रडते," पद्मा म्हणाली. "म्हणते, माझ्या पोरीचं नाव घेऊ नको. आता मी शेजारीण म्हणून राहते, वहिनी. माझ्याच घरात. फणी घेऊन बसते आणि मलाच विचारते, पद्मा का आली नाही अजून?"

मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी चार ठिकाणी निरोप धाडला.

रविवारी कार्यक्रम ठेवला. पद्मा भांग पाडून खुर्चीवर बसली. समोर पांढऱ्या पंच्यावर केस बसतात, शेजारी वाटीत खोबरेल ठेवायचं. ते घेत नाहीत, पण ठेवलं नाही तर बोलून दाखवतात. चारपैकी एक स्थळ गाडी चुकली म्हणून आलंच नाही.

पहिले आले ते सरळ, काळेभोर, कमरेपर्यंतचे. पद्मानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरले. अगदी तिच्या गेलेल्या केसांसारखेच होते.

"पाणी नळाचं की बोअरचं?" त्यांनी विचारलं.

"नळाला चार दिवसांनी येतं. मधले दिवस बोअरचं."

"बरं. कळवतो," केस म्हणाले आणि घडी करून पिशवीत गेले. लग्नाच्या बाजारात काय आणि माझ्या दुकानात काय, कळवतो म्हणजे नाही. मेल्यांचा तोरा बघा!

दुसरे जरा लहरदार होते, पण लांबीला पुरेसे. त्यांना सगळंच चालत होतं. बोअरचं पाणी चालेल, ऊन चालेल, घट्ट वेणी चालेल. मला असे गोडबोले आवडत नाहीत, पण पद्माचा चेहरा खुलला होता, म्हणून गप्प बसले.

"आक्कानं विचारलं, तुम्ही कुणाचे, तर?" पद्मानं विचारलं.

"सांगू, की आम्हीच पद्मा."

"आणि मी?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

पद्मानं मान हलवून नाही म्हटलं. पोरीचा मला अभिमान वाटला आणि काळजीही वाटली, कारण आता पंच्यावर उरले होते ते कुरळे. जेमतेम खांद्यापर्यंत येणारे, विजापूरच्या एका बाईंचे.

"पाण्याची आम्हांला सवय आहे," ते म्हणाले. "एकच आधी सांगतो. कुणी विचारलं तर आम्ही खोटं बोलणार नाही."

"मग आक्का मला ओळखणार कशी?"

"ते आम्हांला ठाऊक नाही."

पद्मानं डोळे मिटले आणि होकार दिला. मी तिच्या मूठभर केसांच्या बारीक वेण्या डोक्याला चिकटवून घातल्या आणि कुरळ्यांच्या पट्ट्या त्यांवर टाके घालून शिवल्या. अडीच तास लागले.

नव्या केसांबरोबर पहिल्या सकाळी पाठराखीण म्हणून मलाच जावं लागतं. सोमवारी सातला गेले. आक्का फणी घेऊन बसल्या होत्या. पद्मा मुकाट्यानं त्यांच्या पुढ्यात, पाठ करून बसली. आक्कांनी हात घातला आणि तो थांबला.

"ही पद्माची न्हवंत," त्या म्हणाल्या. "कुणाचं रं तुम्ही?"

पद्मानं माझा हात घट्ट धरला.

"विजापूरचे," केस म्हणाले.

"मग हितं कसं?"

"पद्माबाईंचे आजारपणात गेले. म्हणून आम्ही त्यांच्याकडं राहायला आलो."

आक्कांनी विचार केला. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं गेली, मी बघत होते.

"म्हंजे पद्मा आली?"

"आल्यात की. आमच्या खालीच बसल्यात."

आक्का वाकल्या. पद्माची हनुवटी धरून त्यांनी तिचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि नीट पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "किती वाळलीस गं! आणि रडतीस काय? घरात कुणी काय बोललं का?"

पद्मानं हातानं डोळे पुसले. केसांना कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते बोलले नाहीत.

"फीर तिकडं," आक्का म्हणाल्या. "मान सरळ ठेव."