पिंपळेसाहेबांचं मागचं चाक

पिंपळेसाहेब कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नसत. आधी उजव्या हाताने बैठक दाबायची, डाव्या हाताने पाठ हलवून बघायची आणि जवळ जो कोणी उभा असेल त्याला विचारायचं, "पेलेल ना?" तो हो म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न, "नक्की?" सलूनमध्ये, लग्नाच्या मांडवात, तहसील कचेरीत, सगळीकडे हेच. एकदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा पाटावर बसण्याआधीही त्यांनी माझ्या आईला विचारलं होतं. पाट जमिनीला टेकलेलाच असतो, तो आणखी कुठे खाली जाणार? पण आई बिचारी घाबरली आणि तिने पाट काढून सतरंजी घातली.

साहेब अंगाने प्रचंड होते. किती प्रचंड, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. मोखाड्याच्या ज्या आरोग्य केंद्रात ते आरोग्य सहायक होते, तिथेच मी कारकून. केंद्रात मोठ्यांचा वजनकाटा होता, पण त्याच्याजवळून जाताना साहेब भिंतीला चिकटून जात. जणू चुकून पाय पडला तर काटा ओरडून गावाला सांगेल.

आता गंमत अशी की या माणसाचं सगळं कामच वजनाचं. वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं दगावली, त्यानंतरची वर्षं ती. पाड्यापाड्यावर जायचं, झाडाच्या फांदीला झोळीचा काटा टांगायचा, त्यात एकेक पोर ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. या आकड्यांच्या बाबतीत साहेब भयंकर कडक. एखाद्या अंगणवाडीच्या बाईंनी सहा किलो शंभर ग्रॅमचे सरळ साडेसहा करून टाकले की साहेबांचा आवाज चढे. "बाई, काटा खोटं बोलत नाही. काटा आणि वही यांच्यामध्ये माणूस येतो आणि तिथे घोटाळा होतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की साहेबांनी तोंड उघडायच्या आतच ते माझ्या मनात सुरू होई.

बाकी माणूस भित्रा. एकटाच राहायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे काळजी करायला घरचं कोणी नाही म्हणून गावभरची काळजी करायचे. पुलाची काळजी, एसटीच्या ब्रेकची काळजी, माझ्या न झालेल्या लग्नाची काळजी. रात्री शिजवलेला भात उरला तर तो वाया जाईल याचीही काळजी. ती मात्र ते लगेच मिटवत.

त्या दिवाळीनंतर त्यांना उंबरपाड्याच्या मंगीची काळजी लागली. मंगी चौदा महिन्यांची. तिचं वजन दोन महिने वाढलं नव्हतं आणि तिसऱ्या महिन्यात तिची आई सोमी तिला काट्याकडे घेऊनच आली नाही. दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडे रिकामे व्हायला लागतात, माणसं वीटभट्टीवर जातात. सोमीचा नवरा आधीच भिवंडीकडे गेला होता आणि आठवड्याभरात तीही पोरीला घेऊन जाणार असा निरोप अंगणवाडीच्या लक्ष्मीबाईंनी धाडला. एकदा भट्टीवर गेली की पोर सापडायची नाही.

उंबरपाडा डांबरी रस्त्यापासून सात किलोमीटर आत. केंद्राची जीप गॅरेजमध्ये. साहेबांचे गुडघे चालत चढ चढायला तयार नव्हते. मग एके सकाळी ते माझ्या टेबलाशी आले, समोरची खुर्ची दाबून पाहिली, पण बसले नाहीत. म्हणाले, "भोये, सायकल घ्यायची. जाड टायरची, डोंगरात चालते ती. मला पेलेल ना?"

मी जामसरचा, भाताच्या शेतात वाढलेला. डोंगरात सायकल हातात धरून ढकलायची असते एवढंच मला ठाऊक. तरी मी "पेलेल" म्हणालो. "नक्की?" म्हणाले. मी म्हणालो, "जव्हारला युसूफचाचांना विचारू."

पण चाचांच्या आधी साहेबांनी एक दुकान हेरलं होतं. तिथे काचेमागे एक लालभडक सायकल उभी होती. अठरा गिअर, पुढे शॉकअप, मागेही शॉकअप. साहेबांनी सीट नुसती हाताने दाबली तर ती मागची स्प्रिंग केविलवाणा आवाज करून खाली बसली. किंमत ऐकून साहेबही बसणार होते, पण जवळ दाबून बघायला खुर्ची नव्हती. दुकानदार म्हणाला, "फॉरेन टाइप आहे साहेब, एकदम हलकी." साहेब माझ्या कानात म्हणाले, "हलकी म्हणतोय हो. हलकी कशाला हवी आपल्याला?"

युसूफचाचांचं दुकान म्हणजे एक टपरी. समोर पाण्याचं घमेलं आणि छताला टांगलेल्या रिंगा. चाचांनी साहेबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "स्प्रिंगवाली बिलकुल नको. तुमचा अर्धा जोर स्प्रिंगच खाणार. गिअर कमी असू दे. एक जुनी फ्रेम हाय माझ्याकडे, लोखंडी, वजनाला भारी. टायर नवे टाकतो. पण पैसा घालायचा तो मागच्या चाकात. सगळा माणूस मागच्या चाकावर बसतो साहेब. तारा किती जाड टाकायच्या ते तुमच्या वजनावर. खरा वजन बोला."

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेचा अंगठा तपासायला लागलो.

"नव्वद," साहेब म्हणाले.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "नव्वद?"

"नव्वद. थोडं इकडेतिकडे."

चाचांनी पाना परत उचलला. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी कारकून, ते साहेब, शिवाय त्यांचे कान इतके लाल झाले होते की माझ्याने बोलवेना. याची टोचणी मला अजून आहे.

चार दिवसांनी सायकल घेऊन आलो आणि दुसऱ्याच सकाळी निघालो. पुढे साहेब, मागे माझ्या खटारा सायकलवर मी. तिकडची बोली मला येते म्हणून मला बरोबर घेतलं होतं. पहिले तीन किलोमीटर साहेब झकास गेले. मागे न बघता ओरडून म्हणाले, "भोये, पेलतेय हो!" त्या आवाजात इतका आनंद होता की मलाही बरं वाटलं.

मग मुरुमाचा चढ लागला आणि टण्‌ असा आवाज आला. "गुडघा वाजला," साहेब म्हणाले. पुन्हा टण्‌. "हा दुसरा," म्हणाले. तिसऱ्या आवाजाला ते थांबले, कारण तिसरा गुडघा त्यांना नव्हता. मागचं चाक पापडासारखं वाकलं होतं आणि तुटलेल्या तारा बाहेर डोकावत होत्या. साहेबांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, परत फिरू म्हणतील. त्यांनी सायकल खांद्याशी टेकवली, मागची बाजू उचलून धरली आणि चढ चढायला लागले. चार किलोमीटर. मध्ये एकदाही "जमेल ना?" विचारलं नाही.

सोमी घरातच होती. लक्ष्मीबाईंनी काटा आंब्याला टांगला होता, बायका जमल्या होत्या, पण सोमी मंगीला पोटाशी धरून दारात बसली ती उठेना.

"माजी पोर नाय टांगायची," ती म्हणाली. "मोठ्याला टांगला व्हता. समद्यांनी बगला, किती कमी, किती कमी म्हनला. मंग तो गेला."

साहेब ओरडतील असं मला वाटलं. ते समोरच्या दगडावर बसले. मी थक्क होऊन पाहत राहिलो, कारण त्यांनी तो दगड दाबून पाहिला नव्हता.

त्या भागात साहेबालाही 'तू'च म्हणतात. सोमीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू समद्यांच्या पोरांचा वजन करतस. तुजा वजन कोन करतं?"

साहेबांनी वही मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "कोणी नाही. मीच करतो, सकाळी, काटा स्टोअरमध्ये नेऊन, दार लावून."

"मंग किती भरतं?"

बायका कान टवकारून उभ्या. घामाने साहेबांचा शर्ट अंगाला चिकटलेला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. साहेब खाली बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकशे सोळा."

मग एक म्हातारी म्हणाली, "आय गो! दोन गोनी भात!" आणि सगळ्या हसत सुटल्या. लक्ष्मीबाई तोंडाला पदर लावून हसल्या, मीही हसलो, मला आवरेचना. साहेबांचे कान लालबुंद झाले, पण ते उठले नाहीत. आणि या सगळ्या हसण्यात सोमी उठली, आंब्याखाली गेली आणि मंगीला तिने आपल्या हाताने झोळीत ठेवलं.

वजन आणखी उतरलं होतं. सहाच्याही खाली. साहेबांनी आकडा जसाच्या तसा वहीत लिहिला. सोमीला म्हणाले, "आज जव्हारच्या दवाखान्यात जायचं. मी येतो बरोबर." सोमीने माझ्याकडे पाहिलं, मी आमच्या बोलीत पुन्हा समजावलं. ती तयार झाली. सात किलोमीटर साहेबांनी मंगीला उचलून घेतलं आणि मी दोन सायकली ओढत मागून चाललो. संपूर्ण वाटभर ते त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होते.

मंगी तीन आठवडे दवाखान्यात होती आणि वाचली. सोमी त्या वर्षी भट्टीवर गेली नाही.

साहेब तुटकं चाक घेऊन चाचांकडे गेले आणि टपरीत गिऱ्हाइकं बसलेली असताना मोठ्याने म्हणाले, "चाचा, एकशे सोळा." चाचा म्हणाले, "लोक दहा कमी सांगतात म्हणून मी मनातल्या मनात दहा जोडतो. शंभराचं चाक बांधलेलं मी. सोळा तुम्ही आणखी कुठे लपवले होते?" नव्या चाकाला त्यांनी जाड तारा घातल्या. ते चाक शेवटपर्यंत हललं नाही.

पण सोमीने एक अट घातली होती. पोरं टांगायची तर आधी तू चढायचं. मग दर महिन्याला साहेब केंद्रातला मोठ्यांचा काटा कॅरिअरला बांधून उंबरपाड्याला नेत. आंब्याखाली सपाट दगडावर काटा ठेवत, त्याला दोनदा दाबत, "पेलेल ना?" विचारत आणि वर चढत. लक्ष्मीबाई आकडा ओरडून वाचत. एकशे पंधरा झाले तर बायका शाबासकी देत, एकशे सतरा झाले तर सोमी कमरेवर हात ठेवून रागवे, "काय खाल्लास?" साहेब खरं खरं सांगत. मग पोरांची पाळी. उंबरपाड्यात त्यानंतर एकाही पोराचं वजन करायचं राहिलं नाही.

पाच वर्षांनी साहेबांची बदली झाली, दूर, त्यांच्या संगमनेरकडे. सायकल त्यांनी लक्ष्मीबाईंना दिली. जाताना एसटीची सीट दाबून पाहिली आणि मला खिडकीतून विचारलं, "भोये, नवा माणूस खरे आकडे लिहील ना?"

पुढच्या महिन्यात मी नव्या साहेबांना घेऊन उंबरपाड्याला गेलो. ते सडपातळ, मोटरसायकलवरून पुढे पोचलेले, मी मागून माझ्या खटारा सायकलवर. पोरांची वजनं झाली, आकडे नीट लिहिले गेले. मंगी झाडाच्या मुळाशी खेळत होती, चांगली दणकट झाली होती. निघताना सोमी माझ्याजवळ आली.

"तो आपला जाडा सायेब," ती म्हणाली, "तिकडं त्याचा वजन कोन करतं?"

मी सायकलवर बसलो आणि उतार लागेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.