फाटकापाशी उभी राहिलेली बेरिल

क्लाइव्ह टॅप्स्कॉट पुरं झाल्याशिवाय आपलं चित्र कुणाला दाखवत नसे, अगदी बायकोलासुद्धा. चाळीस वर्षं बेरिल थर्मास घेऊन त्याच्या मागोमाग इंग्लंडातल्या डेव्हनची शेतं तुडवत आली होती. यंदा मात्र तो म्हणाला, "आज फाटकापाशी उभी राहा. तुला चित्रात घेतो. पाठमोरी हं, आणि हलू नकोस!" बेरिल दोन तास चिखलात उभी राहिली. नंतर आठवडाभर शिंकत होती, पण खुशीत.

चित्र थेट छापखान्यात गेलं. छापणाऱ्या गॅरेथचा फोन आला, "फाटकावर निळा डाग दिसतोय. काढू?"

"काढ रे, पण माझ्या ढगाला हात लावलास तर बघ!"

पन्नास प्रती निघाल्या. क्लाइव्हने एकूणएक प्रतीवर ऐटीत सही ठोकली आणि गावच्या सभागृहात त्या मांडल्या. दुपारपर्यंत तीस खपल्यासुद्धा. बेरिल चहा-स्कोनचं टेबल सोडून, चष्मा लावून आली.

"क्लाइव्ह, मी कुठंय?"

"चहाच्या टेबलाशी होतीस ना?"

"चित्रात विचारतेय मी."

क्लाइव्हला गॅरेथचा फोन आठवला. निळा डाग! बेरिलचा कोट निळाच होता. "त्या गाढवानं तुला पुसलं गं!" असं ओरडत त्याने विकलेल्या प्रती परत मागवल्या आणि हातानेच बेरिलला रंगवायला बसला. पहिल्या प्रतीत ती चित्रातल्या गाईपेक्षा मोठी झाली. दुसरीत ओघळून ओढ्यात गेली. शेजारच्या मिसेस लस्कम यांनी आपली प्रत छातीशी घट्ट धरली. "माझ्यात बेरिल नको बाई. मोकळं शेतच बरं दिसतं."

चहा ओतता ओतता बेरिलने ते ऐकलं.

तेवढ्यात क्लाइव्हचं बोलणं कानावर गेलेला गॅरेथ मूळ चित्र काखोटीला मारून तणतणत आला. "गाढव कोण ते भिंग लावून बघ!"

क्लाइव्हने भिंग लावलं. फाटकावर खताची रिकामी निळी पिशवी अडकली होती. बाई कुठेच नव्हती. मग त्याला आठवलं. तो बेरिलला रंगवायला घेणार, तोच टेकडीमागून ढग वर आला होता, आणि तो ढगच रंगवत बसला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"ढग फार सुरेख आला होता गं," तो कसाबसा म्हणाला.

"माहितीय," बेरिल म्हणाली. "मीही त्याच्याकडेच बघत होते. मला वाटलं, तू माझ्याकडे बघतोयस."