टेंभुर्णीचे स्ट्रट्स

जावा या संगणकाच्या भाषेतल्या फ्रेमवर्कबद्दल अख्ख्या सोलापुरात विचारावं तर मला! फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. स्ट्रट्स म्हातारं, स्प्रिंग धडधाकट आणि क्वार्कस तर काडी लावताच सुटणारं रॉकेट! अशी पक्की तुलना करून मी टेंभुर्णीच्या उदयसिंहांना फोन लावला. त्यांच्या भाड्याच्या गाड्या आहेत आणि बुकिंगची वेबसाइट मी सांभाळतो.

"साहेब, तुमचे स्ट्रट्स फार जुने झालेत."

"धोका हाय का?"

"धोका? कधीही घात होईल! आजच बंद करा. स्ट्रट्स काढू, स्प्रिंग घालू!"

"समद्याच बंद?"

"एकसुद्धा चालू ठेवू नका!"

ते घाबरले. मला फार बरं वाटलं. तज्ज्ञाला माणसांनी घाबरलंच पाहिजे!

सकाळी त्यांचाच फोन.

"गुरुराज, समद्या गाड्या खोलल्या बग. चाकं काढून जॅकवर हायत्या. स्ट्रट भाईर काढलं. तुजी स्प्रिंग कवा येतीया?"

धक्के झेलायला स्ट्रट आणि स्प्रिंग गाडीलाही असतात, हे मला तेव्हा आठवलं!

"गा... गाड्या?"

"मंग? आज नातेपुत्याला वऱ्हाड न्यायचंय, दारात बसलंय की! नवरीचा बाप पैलवान हाय. सोलापूरच्या इंजिनेरनं गाड्या बंद केल्यात म्हणून सांगितलंय. तुजा पत्ता मागतोय."

मी बॅग काढली. बायकोला, वैजयंतीला म्हटलं, "मी आठ दिवस माहेरी जातो. तुझ्या!"

"आधी टेंभुर्णीला जा आणि खरं काय ते सांगा!"

गाडी चालवताना घामानं स्टिअरिंग निसटत होतं. तिथं बिनचाकाच्या गाड्या उलट्या कासवांसारख्या हताश पडलेल्या. शेजारी पैलवान उभे. मांडी माझ्या कमरेएवढी!

"साहेब," माझा आवाज पिपाणीसारखा निघाला, "मी... वेबसाइटबद्दल बोलत होतो."

पैलवानांनी बाह्या सरसावल्या. मी डोळे मिटले.

"वेबसाइट?" उदयसिंहांनी डोकं खाजवलं. "ती अजून हाय व्हय? आमच्याकडं समदी फोनच करत्यात की!"

पैलवानांचा पंजा माझ्या खांद्यावर पडला.

"ही गाडी तुमची?"

"ह... हो."

"चालू हाय न्हवं? मंग चला!"

बाकीचं वऱ्हाड टेम्पोतून गेलं. नवरीच्या धिप्पाड आत्या माझ्या गाडीत. पुढच्या सीटवर पैलवान! वाटेत एकदाही हॉर्न वाजवायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर वैजयंतीनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "क्लायंटनं जेवूनच जायचा आग्रह केला."